र. धों. कर्वे : मर्दानगीचे गणित चुकते आहे हे सांगणारा प्राध्यापक

१४ ऑक्टोबर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नागपूरची दीक्षाभूमी येते. १९५६ चा तो दिवस आपल्या प्रत्येक घराच्या इतिहासात आहे. त्याच्या बरोबर तीन वर्षे आधी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, एक एकाकी म्हातारा प्राध्यापक वारला. त्याची आठवण आपल्याकडे कुणी काढत नाही. काढायला हवी, कारण त्याच्यासाठी आपल्या बाबासाहेबांनी वकिलीचा कोट चढवला होता.

युवा शिबिरांत आम्ही पोरांना नेहमी विचारतो, बाबासाहेबांनी लढवलेला एखादा खटला सांगा. कुणीतरी देशाचे दुश्मन पुस्तकाचा खटला सांगतो, जेधे-जवळकरांचा. समाजस्वास्थ्य मासिकाचा खटला सहसा कुणी सांगत नाही. आम्ही सांगितले की तो लैंगिक प्रश्नांना उत्तरे छापल्याबद्दलचा खटला होता, की मागच्या रांगेत खसखस पिकते आणि पुढच्या रांगेतल्या मुली वहीत डोके घालतात. हे हसू आणि ही मान खाली घालणे दोन्ही आम्हाला ओळखीचे आहे. रघुनाथ धोंडो कर्वे आयुष्यभर त्याच्याशीच भांडले.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातल्या मुरूडच्या चित्पावन ब्राह्मण कुटुंबातला. वडील धोंडो केशव कर्वे, म्हणजे हिंगण्याचा अनाथ बालिकाश्रम आणि पुढे महिला विद्यापीठ काढणारे महर्षी. आई राधाबाई १८९१ साली बाळंतपणात गेली. रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. दोन वर्षांनी वडिलांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले आणि गावाने घरावर बहिष्कार टाकला. एका बाजूला बाळंतपणात संपलेली आई, दुसऱ्या बाजूला लग्न करायचे धाडस केले म्हणून वाळीत पडलेले घर. बाईच्या शरीरावर मालकी कुणाची, हा प्रश्न या मुलाला पुस्तकात वाचायची गरज पडली नाही.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. बाबासाहेबांच्या आई भीमाबाई यांना चौदा अपत्ये झाली. बाबासाहेब चौदावे. तेही लहान असतानाच आई गेली. जातीच्या उतरंडीच्या दोन टोकांवरची ही दोन घरे. कोर्टात हे दोघे एका बाजूला उभे राहिले तेव्हा दोघांच्याही मागे एकेक लवकर गेलेली आई होती.

रघुनाथ हुशार होता. १८९९ साली मॅट्रिकला पहिला आला, फर्ग्युसनमधून पदवी घेतली, गणिताचा प्राध्यापक झाला, पुढच्या अभ्यासासाठी पॅरिसला जाऊन आला. एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना इरावती कर्वे आम्ही भक्तिभावाने वाचल्या. त्यांचे हे थोरले दीर. त्यांचे नाव मात्र दोन वर्षांत एकाही तासाला निघाले नाही. नातेसंबंधांचा एवढा अभ्यास, आणि ती नाती जिथे सुरू होतात त्या खोलीबद्दल अवाक्षर नाही!

आता त्या काळातला पुरुष कसा होता ते पाहू, नाहीतर कर्व्यांनी काय केले याचे वजन कळणार नाही. पुरुषत्व मोजायची तेव्हा दोन मापे होती आणि ती एकमेकांच्या विरुद्ध होती. पहिले माप मुले, त्यातही मुलगे. पुत्र नसेल तर पुत् नावाच्या नरकात पडावे लागते, असे शास्त्राने सांगून ठेवलेले. मूल झाले नाही तर दोष बाईचा आणि उपाय दुसरी बायको. दुसरे माप वीर्यरक्षणाचे. इंग्रज आपल्याला दुबळे, बायकी म्हणतात, त्याला उत्तर म्हणून तालीम, दंडबैठका आणि ब्रह्मचर्य. वीर्याचा थेंब गेला की शक्ती गेली, ही भीती पोरांच्या मनात घातली जाई आणि ती भीती घालवायची औषधे वर्तमानपत्रांच्या जाहिरातींतून विकली जात. म्हणजे पुरुषाने वीर्य साठवायचेही आणि दरवर्षी पाळणाही हलवायचा. या हिशोबात बाईचे शरीर कुठे बसते, हे कुणी विचारत नव्हते.

गणिताच्या माणसाने ते विचारले. १९२१ साली कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र काढले तेही त्याच वर्षी. १९२३ मध्ये संततिनियमनावरचे त्यांचे मराठी पुस्तक आले. तेव्हा ते विल्सन कॉलेजात शिकवत होते. कॉलेज मिशनऱ्यांचे. त्यांनी सांगितले की हे काम सोडा नाहीतर नोकरी सोडा. कर्व्यांनी नोकरी सोडली. पुढे उरलेल्या आयुष्यात पैशाची ओढाताण कधी संपली नाही. कमावता असणे हेच जिथे पुरुषाचे पहिले काम मानले जाते, तिथे बायकांच्या बाळंतपणांसाठी पगार सोडणारा नवरा लोकांना काय वाटला असेल, याची कल्पना आपल्या वस्तीत राहणाऱ्या कुणालाही करता येईल.

पण नोकरी गेली हे फार मोठे नव्हे. कर्व्यांनी त्याहून अवघड गोष्ट केली. त्यांनी आणि पत्नी मालतीबाईंनी मूल होऊ द्यायचे नाही असे ठरवले आणि त्यासाठी शस्त्रक्रिया करून घेतली ती कर्व्यांनी स्वतःच्या शरीरावर. आज ज्याला आपण नसबंदी म्हणतो ती. शंभर वर्षांपूर्वी. जो माणूस लोकांना सांगतो की मुले किती हवीत हे ठरवता येते, त्याने ते आधी आपल्या अंगावर करून दाखवले. कुणी निपुत्रिक म्हणो, कुणी नपुंसक म्हणो.

मालतीबाईंबद्दल लिहिताना आम्हाला अवघडायला होते. त्या या कामात शेवटपर्यंत सोबत होत्या, घर त्यांनी रेटले, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे टोमणे त्यांच्याच वाट्याला जास्त आले असणार. मूल नसलेल्या बाईला समाज काय काय ऐकवतो हे सांगायला नको. १९४४ साली त्या वारल्या. पुरुषांच्या सुधारणेच्या इतिहासात अशा बायका एका परिच्छेदात उरकल्या जातात. आम्हीही इथे तेच करत आहोत, हे मान्य करून पुढे जातो.

१५ जुलै १९२७ रोजी समाजस्वास्थ्य निघाले. १९२७ हे वर्ष आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. मार्चमध्ये चवदार तळे, २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन. एकाच वर्षात महाडला तो ग्रंथ जळाला आणि मुंबईत त्या ग्रंथाने बाईवर घातलेल्या पहाऱ्याची टिंगल करणारे मासिक सुरू झाले. दोघांनी ठरवून केले असे नाही. पण बाबासाहेबांनी १९१६ सालीच, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातीवरच्या निबंधात दाखवून दिले होते की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि त्यासाठी बाईला ताब्यात ठेवावे लागते. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही त्या ताब्याची हत्यारे. हा निबंध ज्याने वाचला त्याला संततिनियमन हा सवर्णांचा खासगी विषय वाटणार नाही. आपल्या शरीराचा निर्णय बाई स्वतः घेऊ लागली की जातीचे कुंपण ढिले होते, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो.

समाजस्वास्थ्य छोटे मासिक होते. लिहिणे, छापून घेणे, पाठवणे, बहुतेक सगळे कर्वे एकटेच करत. त्यातला सगळ्यात जिवंत भाग वाचकांच्या प्रश्नांचा. पुरुष विचारत, हस्तमैथुनाने दुबळेपणा येतो का? समलिंगी आकर्षणाबद्दल विचारत. घरात, शाळेत, तालमीत कुठेही तोंडातून काढता येणार नाहीत असे प्रश्न ते पोस्टाने पाठवत. कर्वे डॉक्टरी पुस्तकांच्या आधारे सरळ उत्तर देत. घाबरू नका, हा रोग नाही, पाप तर नाहीच. आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे ते सांगत की शरीरसुखाचा हक्क बाईलाही आहे, पुरुषाला जितका आहे तितकाच.

त्यांच्यात दोष नव्हते असे नाही. लिहिण्यात कुजकटपणा होता, त्यामुळे मित्र फार टिकत नसत. मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. संकोच घालवण्यासाठी, असा त्यामागचा विचार. पण संकोच घालवायलासुद्धा बाईचेच शरीर पुढे, हे आज खटकते. शिवाय वर्गणी भरून असे मासिक मागवणारा वाचक कोण, तर शिकलेला, नोकरदार. गिरणीत खपणाऱ्या आणि डेलाईल रोडच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांपर्यंत हे पोचायला दुसरा कुणी लागणार होता.

१९३१ मध्ये व्यभिचारावरच्या एका लेखासाठी कर्व्यांवर अश्लीलतेचा पहिला खटला झाला. शंभर रुपये दंड. उच्च न्यायालयातही अपील फेटाळले. १९३४ मध्ये पुन्हा अटक झाली, या वेळी समाजस्वास्थ्यच्या गुजराती अंकातल्या प्रश्नोत्तरांसाठी. प्रश्न तेच, पुरुषांच्या मनातले, हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांचे.

हा खटला बाबासाहेबांनी घेतला. काळ कोणता होता ते लक्षात घ्या. पुणे कराराला दीड वर्ष झाले होते, येवल्याची घोषणा दीड वर्षावर होती, गोलमेज परिषदांहून परतलेल्या बाबासाहेबांकडे वेळ नव्हता आणि शत्रूंची कमतरताही नव्हती. अस्पृश्यांचा नेता अश्लील मासिकाची वकिली करतो, असे म्हणायला विरोधकांना आयते कोलीत मिळणार होते. नेतेपण सांभाळून राहणाऱ्याने हे प्रकरण हातात घेतले नसते. बाबासाहेबांनी कोर्टात मुद्दा मांडला तो असा की मासिक लैंगिक विषयाला वाहिलेले आहे, वाचक खऱ्या अडचणी विचारतात, मग त्यांना उत्तर द्यायचे नाही तर काय करायचे? विषय लैंगिक आहे एवढ्याने मजकूर अश्लील ठरत नाही. अज्ञानातून विकृती वाढते, ज्ञानातून नाही. हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचे दाखले त्यांनी दिले. कोर्टाने ऐकले आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड केला. खटला हरला.

आपल्याकडे बाबासाहेबांचे विजय साजरे होतात, ही हार कुणी साजरी करत नाही. आम्हाला मात्र ती फार मोलाची वाटते. समलिंगी आकर्षणावरच्या उत्तराची बाजू घ्यायला १९३४ च्या मुंबईत एक माणूस उभा राहिला आणि तो आपला होता. ज्या पोरांना आज शिबिरात या विषयावर बोलताना कोपरखळ्या माराव्याशा वाटतात, त्यांनी ही तारीख जयंतीच्या बॅनरवर नाही तरी डोक्यात ठेवावी.

प्रकरण तिथे संपले नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागचे भाषण बाबासाहेबांनी लिहून दिले होते. त्यात गरिबीचा हिशोब होता, बायकांच्या आरोग्याचा हिशोब होता आणि एक टोला होता. प्रसूतीच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाही पुरुषाने दुसऱ्या मुलाचे नाव काढले नसते, अशा अर्थाचा. ठराव फेटाळला गेला. चार मुले गमावलेल्या बापाने हे लिहिले होते, हे विसरून तो टोला वाचता येत नाही. रमाईंच्या कुशीतली चार लेकरे लहानपणीच गेली. पुढे २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना बजावले की नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभ्या राहा, गुलाम होऊ नका. ते बोलत होते बायकांशी, पण ऐकायला हवे होते नवऱ्यांनी.

दुसऱ्या बाजूला देशाचे सगळ्यात मोठे नेते संततिनियमनाच्या साधनांच्या विरोधात होते. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या आणि रिकाम्या हाताने परतल्या. गांधीजींचा उपाय संयमाचा होता. कर्वे त्यावर सतत टीका करत. आम्हाला त्यातला महत्त्वाचा मुद्दा हा वाटतो की संयमाच्या उपायातही सगळे पुरुषाच्या मर्जीवर राहते. त्याने संयम पाळला तर बाई वाचली. नाही पाळला तर तिच्या हातात काहीच नाही. साधन असेल तर निदान काहीतरी तिच्या हातात असते.

उतारवयात कर्वे एकटे पडले. मालतीबाई नव्हत्या, वर्गणीदार मोजके, अंगात त्राण नाही. तरीही मासिक चालू. १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. एकतीस वर्षे ज्या कामासाठी त्यांना शिव्या, दंड आणि बेकारी मिळाली, ते काम आता सरकारी झाले. पुढच्याच वर्षी ते गेले. समाजस्वास्थ्यचा शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३ चा, म्हणजे संपादक गेल्यानंतरचा. वडील धोंडो केशव अजून हयात होते. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले, तेव्हा त्यांनी शंभरी गाठली होती. विधवांचे दुःख दूर करणाऱ्या बापाला देशाने डोक्यावर घेतले. नवऱ्यांच्या पुरुषत्वाला हात घालणाऱ्या मुलाला विसरून गेला. २००१ मध्ये अमोल पालेकरांनी ध्यासपर्व चित्रपट काढला तेव्हा थोडी आठवण निघाली, इतकेच.

ज्या शस्त्रक्रियेने कर्व्यांनी स्वतःपासून सुरुवात केली तिचे पुढे काय झाले? सुरुवातीच्या दशकांत सरकारी शिबिरांत पुरुष नसबंदी मोठ्या प्रमाणावर होत होती. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात सुमारे ६२ लाख पुरुषांची नसबंदी झाली, त्यात कोटा भरायला उचललेले गरीब किती होते हे आपल्या वस्त्यांना वेगळे सांगायला नको. ती दहशत खरी होती आणि तिच्यावर हसू नये. पण तिची किंमत कुणी चुकवली? सरकार पुरुषांना हात लावायला घाबरले आणि सगळा भार बायकांवर ढकलला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के. बाईच्या ऑपरेशनला पोट उघडावे लागते. पुरुषाचे बिनटाक्याचे ऑपरेशन भूल देऊन वीसेक मिनिटांत होते आणि तो त्याच दिवशी घरी जातो. पुढचे तीन महिने दुसरे साधन वापरायचे, मग तपासणी करून घ्यायची. ताकद, इच्छा, संबंध, कशातही फरक पडत नाही.

हे सगळे आम्ही वस्तीत सांगतो. आशाताई सोबत असतात. पुरुष ऐकतात, चहा पितात, आणि विषय निघाला की कुणाला फोन येतो, कुणाला गाडी काढायची असते. एका घरी तीन बाळंतपणे झालेली, अंगात रक्त नसलेली सून होती. डॉक्टरांनी सध्या तिचे ऑपरेशन नको म्हणून सांगितले होते. आम्ही नवऱ्याचे सुचवले. सासू म्हणाली, तो ओझे उचलतो, त्याच्या अंगाला हात लावू नका. तीही हाडाची कष्टकरी बाई, विहारात रोज वंदनेला येणारी. सून काहीच बोलली नाही. नवऱ्याच्या मोबाइलच्या मागे बाबासाहेबांचा फोटो होता.

आपल्या तरुणांवर आमचा राग नाही, उलट जीव आहे. ज्यांच्या बापजाद्यांना मान वर करून चालायची बंदी होती, त्यांना छाती काढून चालावेसे वाटणारच. भीमा कोरेगावचा स्तंभ बघताना आमचीही छाती भरून येते. फक्त जयंतीच्या मिरवणुकीत बुलेटवर उभे राहणारी ही छाती रात्री घरी गेल्यावर कुणापुढे काढली जाते, हे आम्हाला वस्तीतल्या बायकांकडून कळते. तिसरे शील आपण सगळे रोज म्हणतो. त्याचा अर्थ परस्त्रीपुरता ठेवायचा की स्वतःच्या बायकोच्या नाही म्हणण्यापर्यंत न्यायचा, यावर एकदा तरी विहारात बोलायला हवे, आणि बोलायला पुरुषांनी उभे राहायला हवे.

गेल्या महिन्यात अशाच एका बैठकीनंतर एक जण मागे थांबला. तिशीतला, दोन मुली असलेला, टेम्पो चालवणारा. बायकोचे दुसरे बाळंतपण सिझेरियनचे झाले होते. त्याने हळूच विचारले की गुरुवारी दवाखान्यात गेले तर चालेल का, आणि आईला सांगायलाच हवे का? आम्ही म्हटले, आईचे तू आणि तुझी बायको ठरवा. गुरुवारी आम्ही नऊ वाजल्यापासून दवाखान्याच्या दारात थांबलो होतो. तो आला नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला, भाडे लागले होते म्हणाला. पुढच्या गुरुवारचे विचारले, तर हो म्हणाला आहे.